हेत्वाभास आणि छल

"त्याचा हेतु वाईट नव्हता" असें आपण म्हणतों तेव्हां आपल्या मनांत काय असतें? त्या मनुष्याच्या कृतीमागें जी इच्छा होती, जें साधावयाचें त्यानें मनांत योजिलें होतें, तें निंद्य नव्हतें, एवढेंच. हेतु म्हणजे मनांतील उद्देश हें समीकरण मराठी बोलणाराच्या जिभेवर इतकें बसून गेलें आहे कीं ह्या शब्दाला दुसरा एखादा अर्थ असेल अशी शंकाहि सहसा कोणास येत नाहीं. त्यामुळें "हेत्वाभास" हा शब्द एखाद्या लेखांत आढळला म्हणजे चांगले सुशिक्षित वाचकहि तो वरवर लावून पुढें जातात. हेतूचा आभास, म्हणजे मनांत एक आणि दाखवावयाचें दुसरें, असा कांहीं तरी ढोंगाचा प्रकार असावा, असें त्यांस वाटतें. वस्तुतः ह्या शब्दाचा ढोंगाशीं कांहींएक संबंध नाहीं. अत्यंत सरळ व निष्कपट मनुष्याच्या तोंडूनहि हेत्वाभास निघतो, आणि रोज निघतो. ढोंगासाठीं शास्त्रकारांनीं निराळा शब्द राखून ठेवला होता, तो "छल". ह्या दोन शब्दांची कुळकथा लावून पाहिली असतां आपल्या भाषेनें जुन्या ठेव्यांतील काय राखलें आणि काय हातचें घालविलें, ह्याचा थोडासा हिशेब लागतो. तो वाचकांपुढें मांडावा हाच ह्या लेखाचा हेतु आहे. अर्थात् मराठी अर्थानें.

न्यायसूत्रांचा कर्ता गौतम. त्यालाच अक्षपाद असेंहि म्हणतात. हीं सूत्रें इसवी सनाच्या पहिल्या दुसऱ्या शतकांच्या सुमारास सध्यांच्या रूपास आलीं असावीं असें सामान्यतः मानितात. पहिल्याच सूत्रांत शास्त्राच्या सोळा पदार्थांची यादी आहे. प्रमाण आणि प्रमेय यांपासून ती निघते आणि वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास, छल, जाति व निग्रहस्थान ह्या सात नांवांनीं संपते. सोळांपैकीं हे सात पदार्थ वादसभेंतले आहेत हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. मोक्षाचा मार्ग दाखविण्यास निघालेल्या शास्त्रानें आपल्या घरांतील जवळजवळ अर्धी जागा माणसें भांडतात कशीं ह्याला दिली!

ह्या शास्त्रांत हेतु म्हणजे ज्याच्या बळावर एखादी गोष्ट सिद्ध करावयाची तें गमक. शाळेंतल्या मुलालाहि समजेल असें त्याचें ठरीव उदाहरण आहे. डोंगरावर विस्तव आहे. कां, तर तेथें धूर दिसतो. जेथें जेथें धूर असतो तेथें तेथें विस्तव असतो, जसें आपलें स्वयंपाकघर. ह्या डोंगरावरहि तसाच धूर आहे. म्हणून तेथें विस्तव आहे. ह्या पांच वाक्यांतील "धूर" हा हेतु. येथें हेतु कोणाच्या मनांत नाहीं. तो डोंगरावर आहे, आणि ज्याला डोळे आहेत त्या प्रत्येकाला तो दिसतो. हें सांगणारा मनुष्य साधु कीं चोर, त्याला डोंगराकडे लोकांना पाठवून मागें कोणाचें घर फोडावयाचें आहे कीं काय, हा प्रश्न अनुमानाच्या परीक्षेंत येतच नाहीं. चोरानें दाखविलेला धूरहि धूरच असतो.

आतां हेंच अनुमान उलटें करून पाहूं. डोंगरावर धूर आहे, कां, तर तेथें विस्तव आहे. ऐकावयास पहिल्याइतकेंच हें ठीक वाटतें. परंतु लोहाराच्या भट्टींतून काढलेल्या तप्त लोखंडाच्या गोळ्यांत विस्तव असतो आणि धूर नसतो. धूर निघावयास जळण ओलें असावें लागतें. ती अट न सांगतां मागें राहिली. म्हणून येथें "विस्तव" हा हेतूसारखा दिसतो, पण हेतु नव्हे; तो हेत्वाभास. आकाशांतलें कमळ सुगंधी आहे, कारण तें कमळ आहे. येथें कमळाचाच पत्ता नाहीं. विस्तव थंड आहे, कारण पाण्याप्रमाणें तोहि एक द्रव्य आहे. येथें बोट लावून पाहिलें कीं अनुमान जळून जातें. गौतमानें असे पांच प्रकार सांगितले. चौदाव्या शतकांत मिथिलेच्या गंगेशानें आणि त्याच्या परंपरेनें त्यांची अतिशय बारीक छाननी केली. आणि सतराव्या शतकांत अन्नंभट्टानें "तर्कसंग्रहा"च्या चार पानांत तें सर्व मुलांसाठीं आटोपशीर करून ठेविलें. नांवें बदललीं, पोटभेद वाढले, पण एक गोष्ट सर्वांनीं कायम ठेवली. हेत्वाभास हा हेतूचा दोष. बोलणाराच्या शीलाचा नव्हे. ज्याला आपण "चुकलें" म्हणतों तो हा प्रांत.

छल हा प्रांत सर्वस्वीं निराळा. समोरचा मनुष्य एका अर्थानें बोलला आहे हें उघड दिसत असतां त्याच्या शब्दाला दुसरा अर्थ चिकटवून त्याचें बोलणें खोडून काढणें, हा छल. ह्याचे गौतमानें तीन प्रकार केले. पहिला वाक्छल. भाष्यकार वात्स्यायनानें त्याचें दिलेलें उदाहरण पुढें पंधराशें वर्षें पाठशाळांतून फिरत राहिलें. कोणी म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे. बोलणाराच्या मनांत "नवी घोंगडी पांघरलेला" असा अर्थ आहे, आणि घोंगडीकडे पाहिलें म्हणजे तो कळतोहि. पण संस्कृतांत "नव" म्हणजे नवा आणि नव म्हणजे नऊहि. तेव्हां दुसरा लगेच उठतो: नऊ घोंगड्या कोठें आहेत? मला तर एकच दिसते! वात्स्यायनानें ह्यावर उपाय सुचविला आहे तो मार्मिक आहे. शब्दाला दोन अर्थ असतील तर तूं हाच अर्थ कां उचललास, हें त्या दुसऱ्यानें सांगितलें पाहिजे. शेळी गांवांत ने, तूप आण, असें नित्य बोलणें चालतें तें प्रसंगानें शब्दाचा अर्थ ठरतो ह्या भरंवशावर. तो भरंवसा जो मोडतो त्यानें मोडण्याचें कारण दाखवावें.

दुसरा सामान्यछल. कोणी एखाद्याची स्तुति सहज, संभव दाखवून करतो, तिला दुसरा नियमाचें रूप देतो आणि मग अपवाद दाखवून हंसतो. ह्या शेतांत साळ पिकेल असें म्हणणारा शेताची प्रशंसा करीत असतो. बीं न पेरतां पिकेल असें तो म्हणत नाहीं. तिसरा उपचारछल. "मंच ओरडत आहेत" असें कोणी म्हटलें, तर शेतांतल्या माळ्यांवर बसलेले राखणदार पांखरें हांकलण्यासाठीं ओरडत आहेत, असें शहाणा मनुष्य समजतो. छल करणारा म्हणतो, लांकडें कशीं ओरडतील? मराठींत रोज "सारा गांव जेवला", "वाडा शोकांत बुडाला" असें आपण बोलतों; त्यावर गांवाला तोंड कोठें आहे असें विचारणारा मनुष्य आपणां सर्वांच्या ओळखीचा असतो, आणि लग्नकार्यांत त्याला कोणी शेजारीं बसवून घेत नाहीं.

तिसरा प्रकार निराळा मानावा कीं पहिल्यांतच घालावा, ह्याबद्दल सूत्रांतच एक लहानसा तंटा नोंदलेला आहे. दोहोंत शब्दाचा अर्थच बदलतात, मग भेद कशाला, असें कोणी म्हणतो. त्याला उत्तर मिळतें कीं, थोड्याशा साम्यावरून सर्व एक करूं लागलास तर तीनहि प्रकार मिळून एकच होईल. हा तंटा केवळ पुस्तकी नसावा, असें मानण्यास जागा आहे. कारण चरकसंहितेंत छलाचे दोनच प्रकार सांगितले आहेत आणि उपचारछल तेथें नाहीं.

चरकाचें नांव येथें येतांच कांहीं वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु वादविद्येचें अगदीं जुनें आणि अगदीं रसाळ असें एक प्रकरण ह्या वैद्यकग्रंथाच्या विमानस्थानांतील आठव्या अध्यायांत आहे. वैद्यानें वैद्याशीं बोलावें, त्यानें ज्ञान वाढतें, असें तेथें आग्रहानें सांगितलें आहे. आणि मग अशा संभाषणाचे दोन भेद केले आहेत. एक मिळून मिसळून करावयाचें, दुसरें झुंजावयाचें. पहिल्यांत मोकळेपणानें विचारावें, हरलों तर खंत करूं नये, जिंकलों तर फुशारकी मारूं नये. दुसऱ्यांत मात्र प्रतिपक्षी केवढा, सभा कशी, हें आधीं जोखून मगच तोंड उघडावें. रोग्याच्या उशाशीं दोन वैद्य जमले म्हणजे काय होतें हें ज्यानें पाहिलें असेल त्याला हें प्रकरण दोन हजार वर्षांपूर्वींचें वाटणार नाहीं.

तेथील वाक्छलाचें उदाहरणहि "नव" शब्दावरच आहे. हा वैद्य नवतंत्र आहे, म्हणजे नुकताच शास्त्र शिकलेला आहे, असें एकानें म्हटलें. दुसरा म्हणतो, छे, माझें तंत्र एकच आहे, नऊ नाहींत. पहिला म्हणतो, नऊ नव्हे, तुझा अभ्यास नवा आहे. तो म्हणतो, मीं नऊ वेळां नव्हे, अनेक वेळां अभ्यास केला आहे! सामान्यछलाचा मासला तर याहून बहारीचा आहे. औषध रोगाचें शमन करतें, असें कोणी म्हणाला. त्यावर दुसरा: म्हणजे जें अस्तित्वांत आहे तें अस्तित्वांत असलेल्याचें शमन करतें, असेंच ना? रोगहि आहे, औषधहि आहे. मग खोकलाहि आहे आणि क्षयहि आहे. तेव्हां तुझ्या मतें खोकल्यानें क्षय बरा होईल! ह्यावर हंसूं येतें. पण ज्या घरांत क्षयाचा रोगी निजला आहे तेथें हें बोलणें चाललें असेल तर हंसूं येणार नाहीं. चरकानें हा विषय वैद्यकांत कां घातला ह्याचें उत्तर, आम्हांस वाटतें, ह्या एका उदाहरणांत आहे.

आतां एक अडचणीचा प्रश्न. जो शास्त्रकार छलाचीं लक्षणें इतक्या बारकाईनें सांगतो, तो छल निंद्य मानतो कीं शिकवितो? गौतमानें संभाषणाचे तीन वर्ग केले. तत्त्व जाणण्यासाठीं गुरु, शिष्य, सहाध्यायी ह्यांच्यांत चालतो तो वाद. जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प. त्यांत छलादि शस्त्रें चालतात. आणि स्वतःचें कांहींच न मांडतां दुसऱ्याचें केवळ मोडावयाचें ती वितंडा. वादांत हेत्वाभास दाखवून देतां येतो, कारण गुरूचेंहि चुकतें आणि शिष्यानें तें दाखविण्यांत दोघांचें हित आहे. छल मात्र वादांत चालत नाहीं. येथपर्यंत सर्व स्वच्छ आहे. पण ग्रंथाच्या चौथ्या अध्यायांत गौतम म्हणतो कीं, उगवत्या अंकुराचें रक्षण करण्यासाठीं शेतकरी जसें कांट्याफांट्यांचें कुंपण घालतो, तसे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठीं जल्प आणि वितंडा आहेत.

हें कुंपण पुष्कळांच्या डोळ्यांत सलत राहिलें. सातव्या शतकांतील बौद्ध पंडित धर्मकीर्ति ह्यानें "वादन्याय" नांवाचा एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्याची मूळ संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायन ह्यांना तिबेटांत मिळाली आणि इ. स. १९३० नंतरच्या दशकांत ती छापून निघाली. धर्मकीर्तीचें म्हणणें थोडक्यांत असें: तत्त्वाच्या रक्षणासाठीं सज्जनानें छल करावा असें म्हणत असाल, तर मग नखें, चपराक, शस्त्र आणि आग ह्यांनींहि करावें असें सरळ म्हणा कीं! बाराव्या शतकांत गुजरातेंत हेमचंद्रानेंहि अक्षपादाला ह्याच कारणावरून टोमणा दिला आहे. लोक आधींच भांडकुदळ, आणि त्यांना हा विरक्त मुनि कपट शिकवितो, वाहवा त्याच्या वैराग्याची, अशा आशयाचा. नैय्यायिकांच्या बाजूनें बोलावयाचें तर असें म्हणतां येईल कीं, शस्त्रांचीं नांवें माहीत असल्याशिवाय घाव ओळखतां येत नाहीं. आणि राजसभेंत ज्या काळीं वादांत हरणाराचा मठ, मान व वर्षासन जात असे त्या काळीं केवळ सरळपणावर विसंबणें धोक्याचें होतें. तथापि आमचा कौल धर्मकीर्तीच्या बाजूस पडतो. कुंपण अंकुरासाठीं घालावयाचें म्हटलें तरी तें वाढत वाढत शेतांत शिरतें, हें न्यायशास्त्राच्या पुढील इतिहासावरून कांहींसें दिसतें. श्रीहर्षासारखा बाराव्या शतकांतला प्रकांड पंडित आपला "खंडनखंडखाद्य" हा ग्रंथ वितंडेच्याच पवित्र्यानें लिहितो आणि तींतच कृतार्थता मानतो. त्याचें बुद्धिवैभव पाहून थक्क व्हावें लागतें, पण पीक कोठें आहे हें शोधावें लागतें.

छल शब्दाचा आणखी एक संसार होता, तो न्यायमंदिरांत. याज्ञवल्क्यस्मृतींत राजाला सांगितलें आहे कीं, छल बाजूस सारून भूत, म्हणजे खरोखर जें घडलें तें, पाहून कज्जे तोडावे. नारदानें तर व्यवहाराच्या दोन चालीच सांगितल्या; एक भूताच्या मागून जाणारी, दुसरी छलाच्या. ह्या छलाचा अर्थ कोणता? कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास राहून इ. स. ११०० च्या सुमारास मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर म्हणतो, जें अनवधानानें बोललें गेलें तो छल. म्हणजे येथें छल म्हणजे फसवणूक नव्हे, तर गरीब वादीच्या तोंडून चुकून निसटलेला शब्द. त्या शब्दावर बोट ठेवून सबंध दावा काढून टाकावयाचा, हें राजानें करूं नये. शास्त्रसभेंत ज्याचा शब्द पकडला जातो तो आणि न्यायसभेंत ज्याची जीभ चुकते तो, ह्या दोघांनाहि एकच शब्द लागू पडला हें विचित्र दिसतें खरें. पण दोन्ही ठिकाणीं गोष्ट एकच आहे. बोलणाराला काय म्हणावयाचें होतें हें बाजूस राहतें आणि त्याच्या तोंडून काय निघालें एवढेंच उरतें. मिताक्षरा ही आपल्या प्रांतांत इंग्रजी अमदानींतहि हिंदु कायद्याचा मुख्य आधार होती. तिच्या दायभागाची जेवढी चर्चा झाली तिच्या शतांशानेंहि ह्या एका ओळीची झाली नाहीं.

हे शब्द मराठींत आले ते कसे राहिले? ज्ञानेश्वरीच्या आरंभीं, शके १२१२ मध्यें, ज्ञानदेवांनीं गणेशाचें जें शास्त्रमय रूप उभें केलें आहे त्यांत तर्काला त्यांनीं देवाच्या हातांतील परशु केलें आहे. तेवढ्या मोठ्या हातांतून निघालेला तर्क आज आपल्या बोलण्यांत नुसता अंदाज होऊन बसला आहे. आणि "तर्कट" म्हणजे तर कुभांड. बाकीच्यांचीहि गत तशीच. पक्ष म्हणजे ज्यावर कांहीं सिद्ध करावयाचें तो डोंगर होता. आतां त्यावर निवडणुका लढवितात. उपाधि म्हणजे "ओल्या जळणा"सारखी लपलेली अट. मराठींत ती पाठीमागें लागलेली कटकट झाली, हें मात्र फारसें चूक नाहीं. व्यभिचार म्हणजे हेतूनें साध्याला सोडून भलतीकडे राहणें. "तर्कसंग्रह" प्रथम हातीं घेणाऱ्या विद्यार्थ्यास ह्या शब्दावर हंसूं आलें तर नवल नाहीं. जल्पाची जल्पना झाली. वितंडेनें मात्र "वितंडवाद" ह्या रूपानें आपला स्वभाव जवळजवळ जशाचा तसा राखला. असल्या वस्तूंना मरण लवकर येत नाहीं. आणि वाद? भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायांत भगवान् बोलणारांच्या संभाषणांपैकीं वाद तो मी असें सांगतात, आणि जुने टीकाकार त्याचा अर्थ वाद, जल्प व वितंडा ह्या तिहींत श्रेष्ठ तो वाद असा करितात. ज्याला विभूतींत स्थान मिळालें तो वाद मराठींत भांडण आणि फिर्याद ह्या अर्थास उतरला. समर्थांच्या मनाच्या श्लोकांत तर वाद तोडणारा संवाद हितकारक, असा उलटा कौल आहे. शास्त्रानें वादाला जी जागा दिली होती ती आमच्या लोकांनीं संवादाला दिली. वस्तु गेली नाहीं, नांव बदललें, असें म्हणून येथें समाधान मानतां येतें.

गीतेच्या त्याच अध्यायांत, अवघ्या चार श्लोकांनंतर, छल करणारांतील द्यूत मी आहें असेंहि म्हटलें आहे. तेथें छल म्हणजे सामान्यतः फसवणूक. हा व्यापक अर्थ जुनाच आहे. शास्त्रानें त्यांतून आपल्यापुरता एक कांटेकोर अर्थ कापून घेतला होता. मराठींत त्या दोहोंवरहि तिसराच अर्थ चढला. छलाचा छळ झाला आणि छळ म्हणजे गांजणूक. सासूनें सुनेचा छळ केला असें आपण म्हणतों तेव्हां फसविण्याची कल्पना आपल्या मनास शिवतहि नाहीं. हें स्थित्यंतर कसें झालें असावें ह्याविषयीं आमचा एक तर्क आहे, आणि तो शब्द येथें मराठी अर्थानेंच घ्यावा. ज्याच्या प्रत्येक शब्दाला वेडावांकडा अर्थ लावला जातो, जो कांहींहि बोलला तरी अडकतो, त्याची स्थिति गांजलेल्या मनुष्याहून निराळी नसते. सासुरवाशिणीला तें सांगावयास नको. "पाणी आणतें" म्हटलें तर "आम्ही तहानलेलों होतों वाटतें इतका वेळ?" असें उत्तर येणें, हा गौतमाच्या व्याख्येप्रमाणें शुद्ध वाक्छल आणि मराठी अर्थानें शुद्ध छळ. जुना अर्थ "शब्दच्छल" ह्या जोडशब्दांत तेवढा जिवंत आहे.

परंतु ह्या सर्वांत अधिक नुकसान झालें तें "हेतु" ह्या शब्दानें घर बदलल्यामुळें. उद्देश हा अर्थ संस्कृतासहि अपरिचित नव्हता. पण मराठींत गमक हा अर्थ मागें पडून तोच एकटा उरला. डोंगरावरचा हेतु माणसाच्या मनांत शिरला. पूर्वीं "तुझा हेतु दुष्ट आहे" म्हणजे तूं दाखविलेलें कारण सदोष आहे, असा अर्थ होई, आणि तें ऐकून कोणास राग येण्याचें कारण नव्हतें. आज तेंच वाक्य उच्चारलें तर अब्रूचा दावा उभा राहील. आपल्याकडे वर्तमानपत्री वाद पाहावे तर हेत्वाभास दाखवून दिल्याचीं उदाहरणें विरळा आणि हेत्वारोप पदोपदीं. भाषेमुळें हें झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पण कारण तपासणें आणि मन तपासणें ह्या दोन कामांना एकच शब्द मिळाल्यावर सोपें काम कोणतें तें लोकांनीं लवकरच ओळखलें.

एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी शाळांतून पाश्चात्त्य तर्कशास्त्र आलें आणि त्यांतील सदोष युक्तिवादांस मराठी नांव हवें झालें, तेव्हां विद्वानांची दृष्टि साहजिकच हेत्वाभासाकडे वळली. त्या वेळीं जुन्या शास्त्राचा अभ्यासहि नव्या पद्धतीनें होऊं लागला होता. यशवंत वासुदेव आठल्ये ह्यांची "तर्कसंग्रहा"ची आवृत्ति मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत १८९७ सालीं निघाली, आणि भीमाचार्य झळकीकर ह्यांचा "न्यायकोश" वासुदेवशास्त्री अभ्यंकर ह्यांनीं सुधारून १९२८ सालीं पुण्यास पुन्हां प्रसिद्ध केला. हीं दोन्ही पुस्तकें अद्यापि कोणी मागें टाकलेलीं नाहींत. तेव्हां शब्द निवडणारे अडाणी नव्हते. पण आरिस्टॉटलच्या यादींत तेरा दोष आहेत, त्यांपैकीं सहा केवळ भाषेवर अवलंबून आहेत. एका शब्दाचे दोन अर्थ, वाक्याची दुहेरी रचना, असे. हे सहा आमच्याकडील छलाचे सख्खे भाऊ. पाठ्यपुस्तकांत मात्र तेराहि हेत्वाभास ह्याच एका छत्राखालीं आले. ग्रीकांचा त्यांत दोष नाहीं. त्यांनीं दोष कोठें आहे एवढ्यावरून वर्ग पाडले, बोलणाराला तो ठाऊक होता कीं नाहीं ह्यावरून नव्हे. आमच्या शास्त्रानें ही दुसरी रेघ ओढली होती, ती ह्या भाषांतरांत पुसली गेली. "हेत्वाभास करणें" असा प्रयोगहि आतां कानांवर येतो. हेत्वाभास होतो, करावयाचा असतो तो छल.

ही रेघ केवळ पंडितांच्या उपयोगाची नव्हे, हें गेल्या शतकापूर्वींच्या एका प्रसिद्ध वादावरून दिसेल. १८५५ सालीं ईश्वरचंद्र विद्यासागर ह्यांनीं विधवाविवाह सशास्त्र आहे असें दाखविणारीं दोन पुस्तकें बंगालींत लिहिलीं, आणि जुलै १८५६ मध्यें त्यासंबंधींचा कायदा झाला. विष्णु परशुरामशास्त्री पंडित ह्यांनीं विद्यासागरांच्या पुस्तकाचें मराठी भाषांतर १८६५ सालीं केलें, आणि १८७० सालीं पुण्यास शंकराचार्यांसमक्ष ह्या विषयावर पंडितांचा मोठा वाद होऊन निकाल विवाहाच्या विरुद्ध गेला. विद्यासागरांचा सर्व भार पराशरस्मृतीच्या चौथ्या अध्यायांतील एका श्लोकावर होता. पति नाहींसा झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर ह्या पांच आपत्तींत स्त्रियांस दुसरा पति विहित आहे, असा त्या श्लोकाचा सरळ अर्थ.

त्यावर विरोधकांकडून एक व्याकरणाची कोटि पुढें करण्यांत येई. श्लोकांत "पतौ" असें सप्तमीचें रूप आहे. पाणिनीप्रमाणें एकट्या पतिशब्दाची सप्तमी "पत्यौ" होते; "पतौ" हें रूप समासांतच साधतें. तेव्हां येथें "अपतौ" असा नञ्समास असला पाहिजे, आणि आधींच्या "पतिते" ह्या शब्दाशीं संधि होऊन त्यांतील "अ" लोपला असला पाहिजे. अपति म्हणजे जो पुरता पति झाला नाहीं असा. अर्थात् वाङ्निश्चय झालेला वर. म्हणून हा श्लोक वाग्दत्ता मुलीविषयीं आहे, विधवेविषयीं नाहीं. एका न दिसणाऱ्या अकारावर हजारों बालविधवांचें उभें आयुष्य टांगलें गेलें.

ह्या कोटीस गौतमाच्या दोन्ही कसोट्या लावून पाहाव्या. "व्याकरणाप्रमाणें होत नाहीं, म्हणून तें रूप तेथें नाहीं" हा हेतु टिकत नाहीं. कारण स्मृति, पुराणें व इतिहास ह्यांत पाणिनीस न जुमानणारीं आर्ष रूपें ठिकठिकाणीं आहेत. हेतु साध्याला सोडून राहतो. म्हणजे हा सव्यभिचार हेत्वाभास. व्याकरण हाच ज्याचा प्राण अशा एखाद्या वृद्ध शास्त्र्याच्या हातून तो होणें अगदीं शक्य आहे, आणि त्यानें तो प्रामाणिकपणें मांडला असेल तर त्याला कपटी म्हणणें अन्याय होईल. परंतु त्याच अध्यायांत लगेच पुढच्या श्लोकांत भर्ता मेल्यावर ब्रह्मचर्यानें राहणाऱ्या स्त्रीचें फळ सांगितलें आहे. विषय कोणत्या स्त्रीचा चालला आहे हें तेथें लख्ख दिसतें. तो श्लोक वाचलेला, बोलणाराचा अभिप्राय उमगलेला, आणि तरीहि अकार शोधणारा जो कोणी असेल त्याचें बोलणें हेत्वाभास नव्हे, वाक्छल. एकच वाक्य, एकाच्या तोंडीं चूक, दुसऱ्याच्या तोंडीं लबाडी. पहिल्याला उदाहरण दाखवून समजावितां येतें. दुसऱ्याला तें आधींच ठाऊक असतें.

ह्या श्लोकावर चौदाव्या शतकांत माधवाचार्यांनीं टीका लिहिली आहे. पुनर्विवाह त्यांना मान्य नव्हता. "पतौ" हें रूप त्यांच्याहि डोळ्यांपुढें होतें, आणि व्याकरण त्यांना कोणी शिकवावें अशी त्यांची योग्यता नव्हती. त्यांनीं एवढेंच लिहिलें कीं हा पुनर्विवाह दुसऱ्या युगांतला, कलियुगांतला नव्हे. पराशरस्मृति तर कलियुगासाठींच सांगितली आहे असें तिच्या आरंभींच म्हटलें असल्यामुळें हें उत्तर लंगडें पडतें, आणि विद्यासागरांनीं त्याच्यावर बोट ठेविलें तें योग्यच होतें. पण पराशरानें विधवेबद्दल तसें म्हटलेंच नाहीं, असें माधवाचार्य म्हणाले नाहींत.